विश्लेषण : गिरणीमालकाच्या मुलाने अवकाशाचा खर्च सरकारकडे का मागितला?

नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव (अक्राणी) तालुक्यात पाडे डोंगरउतारांवर विखुरलेले आहेत. फोनला रेंज मिळावी म्हणून टेकडी चढणे तिथे कोणाला नवे नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंक या अमेरिकी खासगी कंपनीसोबत इरादापत्रावर सही केली. नंदुरबार, गडचिरोली, धाराशिव, वाशिम अशा जिल्ह्यांतील दुर्गम भागांत सरकारी संस्था, ग्रामीण वस्त्या आणि सार्वजनिक सुविधांना उपग्रहाद्वारे इंटरनेट देण्याचा हा बेत आहे. उपग्रह खासगी, गरज सार्वजनिक. मग बिल कोणी भरायचे? हा प्रश्न या देशात सर्वांत आधी ज्यांच्यासमोर उभा राहिला, त्या विक्रम साराभाईंचे आयुष्य या निमित्ताने पुन्हा वाचण्यासारखे आहे.

एकच नाव, दोन ‘विक्रम’

१८ नोव्हेंबर २०२२ रोजी श्रीहरिकोटाहून ‘विक्रम-एस’ नावाचे छोटे रॉकेट उडाले. हैदराबादच्या स्कायरूट या कंपनीने ते बनवले होते. खासगी भारतीय कंपनीचे अवकाशाच्या उंबरठ्यापर्यंत गेलेले ते पहिले रॉकेट. पुढच्याच वर्षी, २३ ऑगस्ट २०२३ रोजी, चांद्रयान-३ मधील ‘विक्रम’ लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या भागात अलगद उतरला. तो पूर्णपणे करदात्यांच्या पैशातून तयार झालेला.

सरकारी मोहिमेला आणि खासगी कंपनीला एकाच माणसाचे नाव घ्यावेसे वाटले, यात विसंगती नाही. साराभाई खरोखरच दोन्हीकडचे होते. अनेकदा त्यांना फक्त इस्रोच्या भिंतीवरच्या तसबिरीत बसवले जाते आणि त्यांचा निम्मा जन्म गळून पडतो.

घर गिरणीमालकाचे, आत्या कामगारांची

साराभाईंचा जन्म १२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत झाला. वडील अंबालाल साराभाई हे कॅलिको मिलचे मालक, शहरातील सर्वांत मोठ्या उद्योगपतींपैकी एक. आठ भावंडांसाठी शाहीबागेतल्या ‘रिट्रीट’ या बंगल्यातच शाळा भरत असे. घरी टागोर, नेहरू, सी. व्ही. रामन यांच्यासारख्यांची ये-जा असे.

विक्रमच्या जन्माच्या आदल्या वर्षी, १९१८ मध्ये, अहमदाबादेत गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप झाला. मालकांच्या बाजूला अंबालाल होते. कामगारांच्या बाजूला गांधीजी आणि अंबालाल यांची सख्खी बहीण अनसूयाबेन. त्याआधी १९१५ मध्ये गांधीजींच्या आश्रमात दलित कुटुंबाला प्रवेश दिल्यावर देणगीदारांनी हात आखडता घेतला, तेव्हा गाडीतून येऊन गुपचूप १३ हजार रुपये देऊन जाणारा गृहस्थ म्हणजे अंबालालच, असे सर्वत्र मानले जाते. म्हणजे संपात समोरासमोर उभे राहायचे आणि आश्रम चालावा म्हणून पैसेही द्यायचे. नफा कशासाठी आणि दान कशासाठी, याचा हिशेब या घरात रोज होत असणार.

पहिली प्रयोगशाळा कोणाच्या पैशावर?

केंब्रिजमध्ये शिकत असताना दुसरे महायुद्ध पेटले आणि साराभाई मायदेशी परतले. बंगळूरुच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामन यांच्याकडे त्यांनी विश्वकिरणांवर काम सुरू केले. अवकाशातून पृथ्वीवर सतत आदळणारे हे अतिसूक्ष्म कण वेळेनुसार कमी-जास्त का होतात, हा त्यांचा प्रश्न होता. उपकरणे घेऊन ते पुण्यात राहिले, काश्मीरच्या बर्फाळ उंचीवरही गेले. युद्ध संपल्यावर केंब्रिजला परतून १९४७ मध्ये त्यांनी पीएच.डी. मिळवली.

पुण्यात त्यांची गाठ हवामान खात्यातील ज्येष्ठ शास्त्रज्ञ के. आर. रामनाथन यांच्याशी पडली. ती पुढे फार महत्त्वाची ठरली.

११ नोव्हेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर तीन महिन्यांच्या आत, अहमदाबादेत भौतिक संशोधन प्रयोगशाळा सुरू झाली. साराभाई तेव्हा २८ वर्षांचे होते. नव्या सरकारपुढे फाळणीचे निर्वासित होते, काश्मीर होते. विश्वकिरण मोजायला पैसे द्या, असे म्हणायची ती वेळ नव्हती. साराभाईंनी आधी घरच्याच तिजोरीचा दरवाजा ठोठावला. आई-वडिलांनी स्थापन केलेल्या कर्मक्षेत्र एज्युकेशनल फाउंडेशनने आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटीने आधार दिला. सुरुवात ‘रिट्रीट’मधूनच झाली, मग एम. जी. सायन्स इन्स्टिट्यूटमधल्या काही खोल्या मिळाल्या. निवृत्त झालेले रामनाथन पुण्याहून येऊन पहिले संचालक झाले.

इस्रोच्या इतिहासातले पहिले पान म्हणून आज जी संस्था दाखवली जाते, ती अशी एका व्यापारी कुटुंबाच्या न्यासावर उभी राहिली. सरकारी अनुदान आले, पण नंतर. १९६३ मध्ये केंद्र सरकार, गुजरात सरकार, कर्मक्षेत्र आणि अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी यांच्यात रीतसर करार झाला आणि संस्थेचा मुख्य भार केंद्राकडे गेला.

मुंबईतही तोच क्रम दिसतो. होमी भाभांनी १९४४ मध्ये सर दोराबजी टाटा न्यासाला पत्र लिहून मूलभूत संशोधनासाठी संस्था मागितली. १९४५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्था सुरू झाली, न्यास आणि मुंबई सरकारच्या मदतीने. काही वर्षांतच खर्चाचा मोठा हिस्सा केंद्र सरकार उचलू लागले. नाव टाटांचे राहिले, पगार मात्र सरकारी तिजोरीतून निघू लागले.

खासगी दानाची मर्यादा काय असते, हे पुण्याने त्याआधीच पाहिले होते. भावनगरच्या महाराजांनी दिलेले पाच हजार रुपये आणि सरकारची तेवढीच भर यांतून १८८८ मध्ये पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. प्रमुख होते कावसजी नायगमवाला. तिथली २० इंची दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले आणि वेधशाळाच बंद झाली. दुर्बीण कोडाईकनालला रवाना झाली. देणगीतून यंत्र येते. यंत्र चालवणाऱ्या माणसाच्या वारसाची सोय देणगीत नसते.

उद्योग सोडला होता का?

अजिबात नाही. या काळात साराभाई बडोद्याच्या साराभाई केमिकल्सचे काम पाहत होते, औषधनिर्मितीत परदेशी कंपन्यांशी भागीदाऱ्या करत होते. १९६० मध्ये त्यांनी ऑपरेशन्स रिसर्च ग्रुप ही बाजारसंशोधन करणारी संस्था काढली. गिरणीमालकांना एकत्र आणून वस्त्रोद्योगासाठी संशोधन करणारी ‘अटिरा’ त्यांनी त्याआधीच उभी केली होती. तिथे मालकांच्या वर्गणीला सरकारी अनुदानाची जोड होती. १९६१ मध्ये सुरू झालेल्या अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत केंद्र, राज्य आणि उद्योगजगत असे तिघेही होते.

प्रत्येक वेळी मांडणी वेगळी. ज्याचा फायदा गिरणीला, त्याचा निम्मा खर्च गिरणीने द्यायचा. औषध विकून पैसे मिळतात, तर तिथे कंपनी. विचारसरणीच्या झेंड्यावरून त्यांनी एकही संस्था काढलेली दिसत नाही. लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि तो किंमत मोजू शकतो का, एवढेच पाहिलेले दिसते.

मग अवकाश कार्यक्रम सरकारी का?

ऑक्टोबर १९५७ मध्ये रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला. फेब्रुवारी १९६२ मध्ये भारताने अवकाश संशोधनासाठी राष्ट्रीय समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. समिती ठेवली अणुऊर्जा खात्याच्या छत्राखाली. याचे कारण सरळ व्यवहाराचे होते. भाभांनी अणुऊर्जा आयोगाला मुंबईत मुख्यालय आणि खर्चाचे बरेच स्वातंत्र्य मिळवून दिले होते. मंजूर अर्थसंकल्पाच्या आत राहून आयोग स्वतः निर्णय घेऊ शके, प्रत्येक सुट्या भागासाठी दिल्लीच्या फायलीची वाट पाहावी लागत नसे. सरकारी पैसा घ्यायचा, पण सरकारी कारभाराची गती घ्यायची नाही, ही भाभांची युक्ती अवकाश कार्यक्रमाला आयती मिळाली.

केरळमधील थुंबा हे मच्छीमारांचे गाव पृथ्वीच्या चुंबकीय विषुववृत्ताजवळ होते. तिथल्या चर्चने आणि गावकऱ्यांनी जागा दिली, चर्चच्या इमारतीतच कार्यालय थाटले. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी पहिले रॉकेट उडाले. रॉकेट अमेरिकेचे, त्यातील सोडियम वाफेचे उपकरण फ्रान्सचे, संगणक आणि हेलिकॉप्टर रशियाचे. शीतयुद्ध ऐन भरात असताना हे सगळे एका किनाऱ्यावर जमवणे हेही पैसे वाचवण्याचेच एक तंत्र होते.

हे एखाद्या कंपनीला जमले असते का? त्या काळात नाही. रॉकेटचे तंत्रज्ञान क्षेपणास्त्राचेही असते, त्यामुळे देश फक्त देशाशी बोलत. दूरध्वनी, तार, आकाशवाणी हे सगळे कायद्यानेच सरकारकडे होते. उपग्रह सोडला तरी विकणार काय आणि कोणाला?

पण साराभाईंचे खरे कारण याहून खोल होते. दूरचित्रवाणीचे उदाहरण घ्या. दिल्लीत ती १९५९ मध्ये आली, मुंबईत थेट २ ऑक्टोबर १९७२ रोजी. जमिनीवरच्या मनोऱ्यांनी ती पसरवायची तर आधी महानगर, मग मोठे शहर, मग जिल्ह्याचे गाव. मनोऱ्यापासून लाटा सरळ रेषेत जातात, डोंगर आडवा आला की संपले. सातपुड्याच्या खाचांतल्या वस्त्या या रांगेत अगदी शेवटी येणार. शिवाय मनोरा उभारणारा कोणीही, सरकार असो वा कंपनी, दाट वस्तीपासूनच सुरुवात करतो, कारण माणशी खर्च तिथे कमी येतो.

उपग्रह हे गणित उलटे करतो. ३६ हजार किलोमीटरवरून पाहताना मुंबई आणि धडगावचा पाडा यांच्यात फरक राहत नाही. एकदा उपग्रह वर गेला की शेवटच्या गावापर्यंत पोहोचण्याचा जादा खर्च म्हणजे फक्त खालची तबकडी आणि संच. म्हणून साराभाई गरीब देशालाच उपग्रहाची जास्त गरज आहे असे म्हणत. श्रीमंत देशांकडे तारा आणि मनोरे आधीपासून होते. मात्र या हिशेबात एक मोठी अडचण आहे. ज्यांना सर्वाधिक फायदा, त्यांच्याकडे पैसे सर्वांत कमी. गिरणीमालकाच्या मुलाला ही अडचण कळायला अर्थशास्त्राचे पुस्तक लागले नसावे. ज्या मालाचा गिऱ्हाईकच किंमत देऊ शकत नाही, तो माल दुकानात ठेवता येत नाही. तिथे खर्च सगळ्यांनी मिळून करायचा, म्हणजेच कररूपाने.

आर्वी : महाराष्ट्रातला ‘विक्रम’

या विचाराचा एक भाग पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळच्या आर्वी येथे उभा राहिला. परदेशी दूरध्वनी आणि तारा उपग्रहामार्फत पाठवण्यासाठी देशातले पहिले व्यावसायिक भू-केंद्र तिथे बांधायचे ठरले. परदेशी कंपनीकडून तयार केंद्र विकत घेणे सोपे होते. भारतीय अभियंत्यांनीच ते उभारावे, असा आग्रह साराभाईंनी धरला. त्यासाठीची माणसे अहमदाबादेत १९६७ मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक भू-केंद्रात तयार झाली. १९७१ मध्ये आर्वीची सुमारे ३० मीटर व्यासाची प्रचंड तबकडी कामाला लागली. साराभाईंच्या निधनानंतर केंद्राला ‘विक्रम’ हेच नाव मिळाले.

पुढची गोष्ट या लेखाच्या विषयाला अगदी चपखल बसते. केंद्र आधी सरकारच्या परदेशी दळणवळण सेवेकडे होते, १९८६ मध्ये विदेश संचार निगमकडे गेले आणि २००२ मध्ये निगमचे व्यवस्थापन टाटा समूहाकडे आले. २०२१ मध्ये सरकारने उरलेला हिस्साही विकला. परदेशी फोन करणारे पैसे मोजू शकत होते. तिथे खासगी मालकी येणे हे साराभाईंच्याच हिशेबात बसले असते, असे म्हणायला जागा आहे.

टीका झाली नाही का?

झाली, आणि ती क्षुल्लक नव्हती. १९६५ आणि १९६६ ही दुष्काळाची वर्षे. अमेरिकेहून गहू येत होता, तेव्हा रॉकेट कशाला, हा प्रश्न रास्तच होता. साराभाई चंद्रावर माणूस पाठवण्याच्या शर्यतीत उतरायला तयार नव्हते. हवामान, शेती, शिक्षण, दळणवळण या कामांसाठीच उपग्रह, अशी रेघ त्यांनी आखून घेतली होती. २६ जानेवारी १९६७ पासून दिल्लीभोवतालच्या ८० गावांत सामुदायिक संचांवर ‘कृषिदर्शन’ सुरू झाले. त्या प्रयोगामागेही त्यांची खटपट होती.

दुसरी टीका त्यांच्या कामाच्या पसाऱ्याबद्दल. २४ जानेवारी १९६६ रोजी माँ ब्लाँवरील विमान अपघातात भाभा गेले आणि त्याच वर्षी अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्षपद साराभाईंकडे आले. त्यांनी कौटुंबिक उद्योगातून अंग काढून घेतले. तरी अणुऊर्जा, अवकाश आणि अहमदाबादच्या संस्था अशी तीन ओझी राहिलीच. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांत आपल्या वाट्याचे लक्ष थुंब्याकडे जाते अशी कुरबूर होती. खासगी घराण्यातली चपळाई सरकारी यंत्रणेत आणणे ऐकायला छान वाटते. एका माणसावर सगळे टांगले की काय होते, हे मात्र पुण्याच्या वेधशाळेने दाखवलेच होते.

१५ ऑगस्ट १९६९ रोजी इस्रोची स्थापना झाली. जेमतेम महिन्याभरापूर्वी अमेरिकेने चंद्रावर माणूस उतरवला होता आणि भारतात १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले होते. जुलै १९७० मध्ये अणुऊर्जा आणि अवकाश यांचा दहा वर्षांचा आराखडा साराभाईंनी देशापुढे ठेवला. त्यात स्वतःचे उपग्रह होते, ते सोडणारी स्वतःची रॉकेटेही होती. यातले काहीच पाहायला ते राहिले नाहीत. थुंब्याच्या दौऱ्यावर असताना ३० डिसेंबर १९७१ रोजी कोवळमच्या हॉटेलात झोपेतच त्यांचे निधन झाले. वय ५२.

नायगमवालांच्या वेळी जे झाले ते या वेळी झाले नाही. १९७२ मध्ये अवकाश आयोग आणि अवकाश खाते स्थापन झाले, सतीश धवन अध्यक्ष झाले, काम चालू राहिले. सार्वजनिक पैशाने इथे यंत्राबरोबर खुर्चीचीही तरतूद केली होती.

उसना उपग्रह

साराभाईंनी हयातीत पक्का केलेला एक करार त्यांच्यामागे फळाला आला. १९६९ मध्ये अणुऊर्जा खाते आणि नासा यांच्यात ठरले होते की अमेरिकेचा एक उपग्रह भारताला वर्षभर वापरायला मिळेल. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात सहा राज्यांतील सुमारे २,४०० गावांत थेट उपग्रहावरून कार्यक्रम दिसले. शेती, आरोग्य, शाळेचे धडे. सरकारी कंपनीने बनवलेले संच, आणि कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीपासून केलेल्या तीन मीटरच्या तबकड्या.

त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. धडगावला तेव्हा काहीच मिळाले नाही. सार्वजनिक पैसा आला की शेवटचा पाडा आपोआप पहिला होतो, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

वर्ष संपले. अमेरिकेने उपग्रह परत आपल्याकडे सरकवला आणि गावोगावचे थेट प्रक्षेपण थांबले. भारताचा स्वतःचा इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये गेला आणि काही महिन्यांतच निकामी झाला. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये गेला तेव्हा कुठे उपग्रह-दूरचित्रवाणीची घडी बसली. हे दोन्ही उपग्रह अमेरिकेतील फोर्ड एरोस्पेस या खासगी कंपनीने बांधले होते. बांधणी खासगी, मालकी भारत सरकारची, त्यामुळे कोणत्या गावावर किती वेळ प्रक्षेपण हे दिल्लीत ठरत होते.

आपल्याकडेही कंपन्या पहिल्यापासून आहेतच. इंदापूरजवळचे वालचंदनगर इंडस्ट्रीज, विक्रोळीचे गोदरेज यांनी रॉकेटचे भाग आणि इंजिने दशकानुदशके पुरवली आहेत. २०२० नंतर बदलले ते हे की कंपनी आता केवळ पुरवठादार राहिली नाही, स्वतःचे रॉकेट आणि उपग्रह घेऊन बाजारात उतरू शकते.

धडगावचे काय?

जमिनीवरचे मनोरे इथे का आले नाहीत, याचे उत्तर जुनेच आहे. ग्राहक विरळ, डोंगर आडवा, कंपनीला परवडत नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राने देशातील २४,६८० वंचित गावांत ४-जी पोहोचवण्यासाठी २६,३१६ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. काम सरकारी बीएसएनएलकडे, पैसा सार्वत्रिक सेवा निधीतून. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलातून सक्तीने घेतलेल्या हिश्श्यातून जमतो. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या रिचार्जचा एक छोटासा अंश सातपुड्याकडे वळवायचा. साराभाईंना ही रचना आवडली असती.

स्टारलिंकचे उपग्रह खालच्या कक्षेत हजारोंच्या संख्येने फिरतात, त्यांना डोंगर आडवा येत नाही. तंत्र म्हणून ते धडगावला मनोऱ्यापेक्षा सोयीचे ठरू शकते. पण उपग्रह परदेशी कंपनीचा आहे, १९७५ सारखाच उसना, फक्त या वेळी भाडे द्यावे लागणार. इरादापत्र म्हणजे करार नव्हे. शाळेच्या किंवा आरोग्य केंद्राच्या छतावर तबकडी बसवणे एकदाच होते, मासिक शुल्क दर महिन्याला येते. ते शुल्क कोणत्या खात्याच्या कोणत्या लेखाशीर्षाखाली भरायचे आणि किती वर्षांसाठी, हे करारात लिहावे लागेल.